बोट झाकून ठेवलेल्या महिन्यांत रेसिंगची तयारी काय करायची?

प्रश्न थोडक्यात असा होता: वय १९, आयएलसीए ६ ही एकटीने चालवायची शिडाची रेसिंग बोट चालवते (जुनी मंडळी अजून तिला लेझर रेडियलच म्हणतात), कॉलेजमुळे पाण्यावर फक्त शनिवार-रविवार, आणि वर्षातले तीन-चार महिने हवामानामुळे बोट झाकूनच ठेवावी लागते. चाळीस बोटींच्या फ्लीटमध्ये नंबर पंधरा ते वीसच्या मध्ये अडकलाय. जिम लावलीये, नवीन शीड घ्यायचं मनात आहे, बाकी पाण्याबाहेर अजून काय करता येईल?

मी बरीच वर्षं रेसिंग केलं, आता गुडघे कुरकुरतात म्हणून कोचिंग जास्त आणि रेसिंग कमी. तुझ्या वयाचा असताना मी एक अख्खा ऑफ-सीझन नुसत्या व्यायामात घातला. स्क्वॉट वाढले, पोट आत गेलं, आरशात बघून बरं वाटायचं, आणि पुढच्या सीझनच्या पहिल्या रेगाटात (अनेक रेसच्या स्पर्धेत) नंबर आला तो बरोब्बर मागच्या वर्षीचाच, एक जागा वर नाही की खाली नाही. डोकंच फिरलं होतं. मग जुन्या रेसचा हिशोब मांडला तेव्हा कळलं की मी जागा घालवत होतो त्या दमल्यामुळे नव्हेच, त्या जात होत्या स्टार्टच्या आसपासच्या दोन मिनिटांत आणि मार्कपाशी (वळायच्या खुणेच्या बोयापाशी) गोंधळून. म्हणजे भोक एकीकडे आणि ठिगळ दुसरीकडे.

म्हणून जिम, शीड, सगळं बाजूला ठेव आणि आधी वही काढ. वही नसेल तर मागच्या पाच-सहा रेगाटांचे निकाल काढ आणि आठवेल तेवढं लिहून काढ, प्रत्येक रेसला एकच प्रश्न विचार, जागा कुठे गेल्या? मी पोरांना चार ओळींच्या पुढे लिहू देत नाही, कारण निबंध लिहायला लावला की तिसऱ्या दिवशी वही बंद होते. असं काहीतरी: "रेस ३. वारा १० ते १३, लाटा कमी. लाईनच्या मधोमध, दुसऱ्या रांगेतून सुटले. ४० सेकंदात डर्टी एअरमध्ये, टॅक मारावाच लागला, उजवीकडे जायचं नव्हतं. पहिला मार्क २२, शेवट १७. जागा गेल्या: स्टार्टला." बास. (लाईन म्हणजे सुरुवातीची रेषा, डर्टी एअर म्हणजे दुसऱ्यांच्या शिडांमुळे बिघडलेला वारा, टॅक म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून फिरवून दिशा बदलणं.) अशा वीस रेस झाल्या की शेवटचे शब्द मोज. स्टार्ट किती वेळा आलं, चुकीची बाजू किती वेळा, मार्क किती वेळा, खालच्या लेगवर (वाऱ्याबरोबर जायच्या टप्प्यात) वेग कमी पडला असं किती वेळा, दमले असं किती वेळा. माझा अंदाज (तुझी रेस मी बघितलेली नाही, पण पंधरा ते वीस नंबरवाल्यांचा हा आजार ठरलेला असतो) की दमले हे सगळ्यात कमी वेळा निघेल. वर जे "पहिला मार्क २२, शेवट १७" लिहिलंय तसं जर वारंवार दिसलं तर तुझा वेग चांगलाच आहे, सुटल्यावर तू लोकांना गाठतेसच, फक्त दर वेळी मागून सुरुवात करतेस. आणि सीझन चालू झाला की हे रेस संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत लिहायचं, बोट धुण्याच्या आधी, कारण संध्याकाळपर्यंत आपण स्वतःलाच एक छान गोष्ट सांगून मोकळे होतो ज्यात चूक वाऱ्याची असते.

आता पाण्याबाहेर काय करायचं ते ठरवायची माझी एक पद्धत आहे. पाण्यावर ज्या गोष्टीचा विचार करायला वेळच मिळत नाही ती गोष्ट जमिनीवर करून ठेवायची. हे ऐकायला साधं वाटतं पण एकदा आकडा बघ. मार्कभोवतीचा झोन म्हणजे तीन बोटींची लांबी, तुझी बोट सव्वाचार मीटरला जरा कमी, म्हणजे झोन झाला जेमतेम १२.७ मीटर. पाच नॉटने चाललीयेस म्हणजे सेकंदाला अडीच मीटरपेक्षा थोडं जास्त. झोनमध्ये शिरल्यापासून मार्कपर्यंत पाच सेकंद! त्या पाच सेकंदात तू नियम आठवणार, समोरची काय करतेय बघणार, ओरडणार, शीट (शिडाची दोरी) ओढणार? शक्यच नाही. जी फ्लीटमध्ये पुढे असते ती काही पाच सेकंदात जास्त हुशारीने विचार करत नसते, तिचा विचार घरी टेबलावर होऊन गेलेला असतो.

तेव्हा पहिलं काम नियम. हो, कंटाळवाणं आहे, माहितीये. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेचं नियमांचं पुस्तक दर चार वर्षांनी बदलतं, आत्ता चालू आहे ते २०२५ ते २०२८ चं, आणि आश्चर्य म्हणजे निम्मी फ्लीट अजून कुणीतरी बोटीच्या रॅम्पवर सांगितलेल्या नियमांवर चालते. पुस्तक फुकट डाउनलोड होतं, सोबत केस बुक पण मिळतं ज्यात खरे वाद आकृत्यांसकट सोडवून दाखवलेत. पहिल्या पानापासून पाठ करत बसू नकोस. व्याख्या वाच आधी, मग नियम १० ते २०, एवढंच. आणि वाचून नाही येत ते, हलवून येतं. काड्यापेटीतल्या काड्या घे, किंवा खडू, बाटलीचं झाकण म्हणजे मार्क, टेबलाचा एक कोपरा म्हणजे वारा. मैत्रिणीला समोर बसव, ती तुझ्या विरुद्ध बाजूने भांडणार.

एक प्रसंग देतो, हा पहिल्याच दिवशी मांड. वरचा (वाऱ्याकडचा) मार्क पोर्टला म्हणजे डावीकडे ठेवून वळायचाय, स्टारबोर्डवर (वारा उजव्या बाजूने) लेलाईनला, म्हणजे जिथून परत टॅक न मारता मार्क गाठता येतो त्या रेषेवर, सात-आठ बोटींची रांग लागलीये आणि तू पोर्टवर (वारा डाव्या बाजूने) येतेयस. फट दिसते, घुसावंसं वाटतं. झोनच्या आत येऊन टॅक मारलास आणि त्यामुळे आधीपासून स्टारबोर्डवर असलेल्या बोटीला तुला चुकवायला क्लोज-हॉल्डच्या (वाऱ्याकडे जास्तीत जास्त जवळून चालायच्या दिशेच्या) वर जावं लागलं, तर चूक तुझी, मग तू ओरड काहीही. तीच बोट आतून ओव्हरलॅप झाली तर तिला मार्करूम (मार्कला वळायला जागा) पण तूच द्यायची. म्हणजे दोन टर्नची शिक्षा, दोन टॅक दोन जाइब (वाऱ्याकडे पाठ करून वळणं), तेही वरच्या मार्कच्या गर्दीत, तेवढ्यात दहा बोटी गेल्या. आता काड्या मागे सरकव, वीस बोटींच्या लांबीवर ने, म्हणजे साधारण ८५ मीटर, अर्ध्या मिनिटाचं अंतर. तिथून रांग दिसतेय. तिथेच ठरवता येतं की रांगेत लवकर टॅक मारून शिरायचं, की चार बोटींच्या मागून जाऊन पलीकडे टॅक मारायचा. हे घरी पन्नास वेळा केलंस की पाण्यावर तो निर्णय हात आपोआप घेतो. मी एकीला पूर्ण ऑफ-सीझन फक्त मार्कचे प्रसंग करायला लावले होते, ती नंतर म्हणाली की आता मार्कपाशी सगळं हळू चाललंय असं वाटतं. हळू काही चालत नसतं, विचार संपलेला असतो इतकंच.

प्रोटेस्टचं (नियम मोडल्याच्या तक्रारीचं) पण शिकून घे. मी एकदा अगदी उघडउघड बरोबर असून हरलो, समोरच्याने पोर्टवरून येऊन मला खाली ढकललं, पाच जणांनी बघितलं, आणि मी रागाच्या भरात त्याला काय काय बोललो पण "प्रोटेस्ट" हा एक शब्द बोललो नाही. सुनावणी दोन मिनिटांत संपली. सहा मीटरच्या खालच्या बोटीला लाल झेंडा लागत नाही, पण हाक मारावीच लागते आणि पहिली वाजवी संधी मिळताच मारावी लागते. घरी बसून दोन-चार खोट्या प्रोटेस्ट लिही, आकृती काढ, वाऱ्याचा बाण काढ, बोटी किती अंतरावर होत्या ते लिही. लिहिताना लक्षात येतं की आपल्याला स्वतःलाच नक्की काय झालं ते माहीत नसतं.

दुसरं काम, आणि हे मला सगळ्यात आवडतं, चौकटीच्या कागदावर वारा काढायचा. वारा पानाच्या माथ्यावरून खाली येतोय असं धर. आडव्या रेघा म्हणजे शिडीच्या पायऱ्या, एका पायरीवरच्या सगळ्या बोटी सारख्याच पुढे (शीड आणि शिडी, मला हा योगायोग फार आवडतो पण पोरं हसत नाहीत). आता एका पायरीवर दोन टिंबं काढ, मध्ये १०० मीटर अंतर. वारा १० अंश उजवीकडे फिरव, म्हणजे पायऱ्या पण १० अंश कलतात. उजवीकडची बोट काहीही न करता वाऱ्याच्या दिशेने १७ मीटर पुढे. आपण वर जातो ते ४५ अंशाने तिरकं, त्यामुळे ते १७ मीटर भरून काढायला डावीकडच्या बोटीला पाण्यावर २५ मीटर जास्त चालावं लागेल, पाच नॉटने साधारण दहा सेकंद. आता दुसरा हिशोब कर. वरचा मार्क एक किलोमीटर वर असेल तर तिरकं चालून १४०० मीटर होतात, नऊ मिनिटं धर. त्या पूर्ण नऊ मिनिटांत तू दुसरीपेक्षा दोन टक्के वेगाने गेलीस तर मिळवलेस अकरा सेकंद. म्हणजे एका शिफ्टला (वारा फिरण्याला) चुकीच्या बाजूला १०० मीटर असणं आणि पूर्ण लेगभर दोन टक्के हळू असणं, किंमत सारखीच! मी हे पहिल्यांदा कागदावर काढलं तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो, कारण त्या दोन टक्क्यांसाठी मी काय काय उद्योग केले होते. स्टार्ट लाईनचं पण असंच काढून बघ, १०० मीटरची लाईन १० अंश कललेली असेल तर एका टोकाला सुटणारी परत १७ मीटर पुढे, चार बोटींची लांबी, तीही शिट्टी वाजायच्या आधीच.

कागद झाला की बाहेर पड. मोकळी जागा हवी, इमारतींच्या मध्ये वारा गरगर फिरतो त्याचा उपयोग नाही, पाण्याकाठी कुठे झेंडा लावलेला असेल तर उत्तम. फोनचा कंपास घे आणि दर मिनिटाला वाऱ्याची दिशा लिही, अर्धा तास. तीस आकडे होतील. घरी येऊन त्याचा आलेख काढ. कधी दिसेल की वारा डावी-उजवी झुलतोय, सहा-सात मिनिटांनी परत तिथेच येतोय, कधी दिसेल की तो एकाच दिशेला सरकत चाललाय. पहिल्यात हेडर (वारा बोटीच्या नाकाकडे फिरणं) आला की टॅक मारत झुलत्या वाऱ्याबरोबर वर जायचं, दुसऱ्यात ज्या बाजूला सरकतोय त्या बाजूला आधी जायचं, हेडर सहन करत. हा फरक ओळखणं म्हणजे अर्धी टॅक्टिक्स, आणि ते शिकायला बोट लागत नाही. दुपारचा समुद्री वारा उत्तर गोलार्धात दिवस चढेल तसा हळूहळू उजवीकडे सरकतो (पृथ्वी फिरते त्याचा परिणाम), पण किनाऱ्याचा आकार, डोंगर, वरचा मोठा वारा हे सगळं त्यात ढवळाढवळ करतं, म्हणून पुस्तकातलं वाक्य घेऊन रेसला जाऊ नकोस, तुझ्या जागेचे तुझे आकडे हवेत. सोबत सकाळी अॅपवरचा अंदाज लिहून ठेव आणि संध्याकाळी खरं काय झालं ते समोर लिही. महिनाभरात कळतं की कुठलं मॉडेल तुमच्याकडे किती खोटं बोलतं.

भरती-ओहोटीच्या पाण्यात रेस होत असेल तर तेही घरीच उरकण्यासारखं. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराला भांगाची, हे तुला माहीत असेलच. पण भरती सारख्या वेगाने चढत नाही. साधारण सहा तासांचे सहा भाग केले तर पाणी चढतं ते बारा भागांतलं एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असं. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांत. रेस दोन वाजता आणि ओहोटी साडेअकराला सुरू झाली तर तू बरोबर सगळ्यात जोराच्या प्रवाहात आहेस. उथळ पाण्यात प्रवाह मंद असतो आणि सहसा आधी फिरतो, म्हणून रेगाटाच्या आदल्या आठवड्यात चार्ट उघडून खोली कुठे कमी होते ते बघून ठेव.

हातांच्या सवयीकडे येऊ. टॅक जमिनीवर करता येतो का? येतो, आणि बहुतेकांचा टॅक जमिनीवरच पकडला जातो की तो कुठे मोडलाय. बोट गवतावर किंवा जुन्या टायरवर ठेव, शीड लावायची गरज नाही, टिलर (सुकाणूचा दांडा) आणि मेनशीट पाहिजे. तेवढंही शक्य नसेल तर दोन बाकं समोरासमोर ठेव, झाडूचा दांडा म्हणजे टिलर एक्स्टेन्शन, एक दोरी खिडकीच्या गजाला बांध. आता वीस टॅक, डोळे उघडे, मग वीस डोळे मिटून. काय बघायचं? हात कधी बदलतात ते. नवीन पोरं बोटीच्या मध्येच हात बदलायला जातात आणि तिथेच टिलर सुटतो, बोट थांबते. जुन्या हाताने टिलर पाठीमागे धरूनच पलीकडे जायचं, बूड आधी बसतं आणि हात नंतर बदलतात. नजर पुढे. फोनवर व्हिडिओ काढ, हळू करून बघ, बघवत नाही इतकं वाईट असतं पहिल्यांदा, माझं पण होतं. रोज दहा मिनिटं पुरे.

स्टार्टसाठी अजून एक खेळ आहे, दिसायला येडपट आहे पण चालतो. तुझ्या बोटीचा वेग म्हणजे माणसाचं सावकाश धावणं. मैदानात दोन काठ्या ३० मीटर अंतरावर रोव, ती लाईन. घड्याळ लाव, पाच मिनिटांचा इशारा, चारला प्रिपरेटरी (तयारीचा इशारा), एक मिनिट, शून्य. लाईनच्या मागे हळू चालत रेंगाळ आणि मग धावत शून्याला बरोबर लाईनवर पोच, पूर्ण वेगात. घड्याळ न बघता, फक्त शेवटच्या मिनिटाची शिट्टी ऐकून. पहिल्या दिवशी तीन-चार सेकंद इकडेतिकडे होतील, आठवड्याने एका सेकंदावर येशील. हे वेळेचं घड्याळ डोक्यात बसलं की लाईनवर तुला फक्त अंतर बघायचं उरतं. अंतरासाठी ट्रान्झिट, म्हणजे लाईनच्या टोकाच्या सरळ रेषेत मागे किनाऱ्यावर काय दिसतं ते. ते नसलं की काय होतं बघायचं असेल तर एक-दोन रेगाटांना रेस न करता कमिटी बोटीवर (रेस घेणाऱ्यांच्या बोटीवर) मदतनीस म्हणून जा, माणसं त्यांना नेहमीच कमी पडतात. तिथून दिसतं की लाईनच्या मधल्या बोटी भीतीपोटी एक-दीड लांबी मागे असतात आणि प्रत्येकीला वाटत असतं की आपण अगदी लाईनवर आहोत. माझं बरंचसं स्टार्टचं ज्ञान त्या बोटीवर झेंडे वर-खाली करताना आलंय.

आता शरीर. मी जिमच्या विरोधात नाही हं, वरचं वाचून तसं वाटलं असेल. डेन्मार्कचा पॉल एल्व्हस्ट्रॉम, १९४८, १९५२, १९५६ आणि १९६० अशी सलग चार ऑलिंपिक गोल्ड, तो घरी बाक करून त्यावर हाइकिंगचा (बोट सपाट ठेवायला बाहेर लटकण्याचा) सराव करायचा, त्या काळात बाकीचे सेलिंगला व्यायाम लागतो हेच मानत नव्हते. मुद्दा असा की हाइकिंग हे धावण्यासारखं नाही. मांडीचे स्नायू आखडलेल्या अवस्थेतच मिनिटामागून मिनिटं राहतात, रक्त नीट खेळत नाही, म्हणून ती जळजळ. त्यामुळे पाच किलोमीटर पळणारी पोरगी दुसऱ्या लेगला बोटीत आत येऊन बसलेली दिसते. बाक बनव किंवा पायाला पट्टा अडकवता येईल अशी जागा शोध, ६० सेकंद लटक, ३० सेकंद आराम, असं पाच वेळा, आठवड्यातून तीनदा, आणि हळूहळू दोन-तीन मिनिटांवर ने. लटकताना नुसतं लटकू नकोस, शीट ओढ, लाटेला खांदे मागे टाक. मांडीच्या मागचे स्नायू आणि ढुंगणाचे स्नायू विसरू नकोस, हाइकिंगवाल्यांची पुढची मांडी लोखंडासारखी आणि मागची लोण्यासारखी असते आणि मग गुडघ्याची वाटी बोलायला लागते. गुडघा दुखला तर थांब आणि फिजिओला दाखव, मी थांबलो नव्हतो त्याचं फळ भोगतोय. बाकी दोरी ओढायला रोइंग, दमसासाला सायकल, आणि झोप. एवढंच.

विश्रांतीला घाबरू नकोस हेही सांगतो. अर्जेंटिनाच्या सांतियागो लांगेचं २०१५ मध्ये कॅन्सरमुळे फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला नाक्रा १७ या दोघांच्या बोटीत सेसिलिया करांझाबरोबर त्याने गोल्ड घेतलं, वय ५४. तुझे चार महिने त्यापुढे काहीच नाहीत.

व्हर्च्युअल रेगाटा सारखे गेम खेळावेत का असं बरेच जण विचारतात. खेळ की. २०१८ मध्ये त्याची ईसेलिंगची जागतिक स्पर्धा पण सुरू झाली. शिफ्ट, लेलाईन, गर्दीतले निर्णय, यांचा सराव होतो, दिवसाला दहा रेस होतात. बोटीची जाण, लाट, शीड यातलं काही मिळत नाही आणि नियम सोपे केलेले आहेत, तेव्हा त्यावरून भांडू नकोस कुणाशी.

बोटीचं काम. माझी एक रेगाटा हातभर दोरीने घालवली. हाइकिंग स्ट्रॅपला मागे जी दोरी असते ती आठवडे झाले पिंजत चाललेली, मला दिसत होती, रोज म्हणायचो उद्या बदलू. दुसऱ्या लेगला तिसऱ्या नंबरवर होतो, पूर्ण बाहेर लटकलेलो, ती तुटली आणि मी सरळ मागे पाण्यात. बोट उलटी. परत चढून गाठ मारेपर्यंत चौदा बोटी गेल्या. तेव्हापासून नियम केलाय, सीझनच्या आधी प्रत्येक दोरी पूर्ण लांबी बोटांतून ओढून बघायची, डोळ्यांनी नाही, बोटांनी, कारण पिंजलेलं बोटांना आधी कळतं. मग रिव्हेट. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेस स्टीलचं काही बसवलेलं असेल तिथे खाऱ्या पाण्याने गंज धरतो, पांढरी पावडर दिसली की समज. डोलकाठी सपाट फरशीवर लोळवून बघ, वाकलेली असेल तर लगेच कळतं. सेंटरबोर्ड आणि रडरच्या पुढच्या कडेवरचे ओरखडे काढ, पण आधी क्लासचे नियम वाच की कशाला किती हात लावायची परवानगी आहे. हलवर (बोटीच्या अंगावर) पॉलिश मारण्यात रविवार घालवू नकोस, चकाकतं छान पण बोट काही पळत नाही. शीड गुंडाळून ठेव, घडी नको. हलमध्ये पाणी नाही ना बघ, इन्स्पेक्शन पोर्टची झाकणं उघडी ठेव म्हणजे आत हवा खेळेल. आणि बोट एकटीने उचलू नकोस, रिकामी हल ६० किलोच्या आसपास असते आणि जास्त पाठी रॅम्पवर जातात, रेसमध्ये नाही.

एक काम मात्र ऑफ-सीझनमध्येच होतं, दोऱ्यांवर खुणा. व्हँग, कनिंगहॅम, आऊटहॉल या शिडाचा आकार बदलणाऱ्या दोऱ्या, तिन्हीवर मार्करने खुणा कर आणि वहीत लिही कुठल्या वाऱ्याला कुठली खूण. वारा १० नॉटवरून १४ वर गेला की आकडा चारनेच वाढतो पण शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. त्या क्षणी अंदाजाने ओढत बसण्यापेक्षा खुणेवर ओढलं की झालं. पाण्यावर त्या खुणा पन्नास वेळा बदलतील, बदलू देत.

आठवड्याचं वेळापत्रक मागितलंस तर माझ्या डोक्यात असं येतं, पण तुझ्या वहीत जे निघेल त्याप्रमाणे फिरव: तीन दिवस बाक आणि थोडं वजन, दोन संध्याकाळी टेबलावर काड्या, एक दिवस वारा मोजायला, टॅकचा सराव रोज दहा मिनिटं कारण तो जेवायच्या आधी पण होतो. परीक्षेच्या महिन्यात सगळं सोड, फक्त बाक ठेव.

राहिलं नवीन शीड. तुझं आत्ताचं किती दिवस वापरलंय ते लिहिलं नाहीस. कापड कडक आहे की जुन्या रुमालासारखं मऊ झालंय? कनिंगहॅम पूर्ण ओढूनही शिडाचं पोट मागेच राहतं का? जोराच्या वाऱ्यात बाकीच्यांसारखी पॉईंट होत नाहीस (वाऱ्याकडे तेवढी जवळून चालत नाहीस), असं वहीत परत परत आलंय का? तिन्हीला हो असेल तर घे, पण ते पहिल्या महत्त्वाच्या रेगाटाच्या आठवडाभर आधी उघड, ऑफ-सीझनमध्ये उघडून वाया घालवू नकोस. आणि वहीत शेवटचा शब्द "स्टार्ट" असाच येत असेल तर तेच पैसे दोन जास्तीच्या रेगाटांच्या एंट्रीला घाल, तिथे प्रत्येकी आठ-दहा स्टार्ट मिळतील. हाइकिंग स्ट्रॅपची दोरी मात्र आजच बघ.